फोटोग्राफरचं तू बघ!

‘घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून’ असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं त्यात ‘फोटोग्राफर पाहावा ठरवून’ हे घातलं नाही, कारण त्याच्या काळी फोटोग्राफर नव्हता. सुखी माणूस!

मित्रांनो, इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेतलेल्या पोराकडे घरच्या लग्नात दोन खाती हमखास येतात. एक म्हणजे साउंड सिस्टिम बंद पडली की ती चालू करणे, आणि दुसरं म्हणजे फोटोग्राफर ठरवणे. आपण सिव्हिलला असू नाहीतर मेकॅनिकलला, घरच्यांच्या लेखी ‘याला मशीनचं कळतंय’ एवढं पुरेसं असतं. माझ्या धाकट्या ताईचं लग्न मे २०२५ मध्ये झालं. तीथ निघाली त्या रात्री आण्णांचा होस्टेलवर फोन आला. बस्ता, आचारी, मांडव, पत्रिका सगळं त्यांनी वाटून टाकलं होतं. शेवटी म्हणाले, “फोटोग्राफरचं तू बघ. पण गेल्या टायमासारखं नको.”

हे ‘गेल्या टायमासारखं’ काय होतं ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचा हिशोब कळणार नाही.

थोरल्या ताईचं लग्न २०१९ साली झालं. तेव्हा मी नववीत होतो आणि आपल्या जिल्ह्याला उस्मानाबादच म्हणत होतो. तीथ दाट होती. ठरवलेल्या फोटोग्राफरनं त्याच दिवशी तीन लग्नं घेतली होती आणि आमच्याकडे दोन नवखी पोरं पाठवून दिली. अल्बम आला चार महिन्यांनी. तीस पानांचा, चकचकीत, वर ताई-दाजींचं नाव सोनेरी अक्षरांत. आत काय? ताई-दाजींच्या मागं बर्फाचे डोंगर. ताई-दाजींच्या मागं ट्युलिपची फुलं. मग सात पानं सत्काराची! आपल्याकडे मंगलाष्टकाच्या आधी अर्धा तास फेटे, शाल, नारळ चालतं हे तुम्हाला माहीतच आहे. माजी सरपंच, आजी सरपंच, होऊ इच्छिणारे सरपंच, सगळे स्वच्छ आले होते. आमचे आजोबा पांढरा फेटा बांधून सकाळपासून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. ते एका फोटोत होते. अर्धे. उरलेल्या अर्ध्यावर माइकचा स्टँड होता.

आजोबा २०२१ साली गेले. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून घर धुंडाळलं. शेवटी त्यांच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेम केली. तो फोटो तुम्ही प्रत्येकानं स्वतःचा पाहिलाय, तेव्हा त्याचं वर्णन करत नाही. मी नंतर होस्टेलवर मोबाइलच्या ॲपमधून तो सुधारून पाहिला. ॲपनं चेहरा गुळगुळीत केला, सुरकुत्या घालवल्या आणि कुणीतरी भलताच म्हातारा तयार झाला. मूळ फोटोत जी माहिती नाही ती सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं, आणि त्या अंदाजाला माझे आजोबा माहीत नव्हते.

आजी फ्रेमकडे बघून एवढंच म्हणाली, “मी गेल्यावर माझा बी असलाच लावताव काय रे?”

तुम्ही म्हणाल, आजोबांचा दुसरा एकही फोटो कसा नाही? आमचं मूळ गाव आत्ताच्या लोहारा तालुक्यातलं, सास्तूरच्या अंगाचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आदल्या रात्रीचं गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. आमच्या घरातली वाचली, पण ट्रंक ढिगाऱ्याखाली राहिली. त्या ट्रंकेत आजी-आजोबांच्या लग्नानंतर काढलेला एकमेव फोटो होता. मेलेल्या माणसांपुढे फोटोचं कोण काढणार? आजीनंही तो विषय कधी काढला नाही. पण त्या गावांत असे किती फोटो गेले असतील याचा विचार मी या लग्नाच्या वेळी पहिल्यांदा केला.

आता हिशोबाकडे वळू.

आण्णा सगळे हिशोब सोयाबीनमध्ये करतात. २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, पण आमचं बाजारात चार हजार शंभराच्या आसपास गेलं. “फोटोला पंधरा क्विंटल. सोळावं निघणार नाही,” आण्णांनी सांगून टाकलं. म्हणजे साधारण साडेएकसष्ट हजार. ऐकताना ही रक्कम मोठी वाटते, आणि आहेच. एका खंडाच्या वावराची वर्षाची मेहनत दोन दिवसांच्या फोटोंवर घालायची! म्हणून ती कुठं जाते हे माहीत पाहिजे.

मी धाराशिव, तुळजापूर आणि उमरगा असे तीन ठिकाणी दर काढले. पहिला ३५ हजार, दुसरा ७० हजार, तिसरा १ लाख ४० हजार. तिघांच्याही कागदावर ‘फुल पॅकेज’ असंच लिहिलेलं! आपण फ्रिज घ्यायला गेलो तर लिटर विचारतो, मोटार घ्यायला गेलो तर हॉर्सपॉवर विचारतो. इथं मात्र ‘फुल पॅकेज’ म्हटलं की मान डोलावतो. पॅकेज फोडून मागायचं. मी तिघांनाही तेच केलं आणि पोटातलं बाहेर आलं.

या धंद्यात मुख्य खर्च चार ठिकाणी असतो. माणसं किती आणि किती दिवस. त्यांच्याकडे सामान काय. नंतर कॉम्प्युटरवर बसून निवड, रंग, मिक्सिंग किती. आणि छापील अल्बम. बाकीचे ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल, लाइव्ह, रील, प्री-वेडिंग हे वर चढवलेले दागिने.

यातलं माणसांचं गणित मला आमच्याच विंगमधल्या एका मित्रानं समजावलं. तो दाट तिथीला शनिवार-रविवार कॅमेरा घेऊन जातो आणि मेसचं बिल त्यातून भागवतो. तो म्हणाला, “स्टुडिओचा बोर्ड असतो एकाचा, आणि लग्नात येतो मी! मला आदल्या रात्री फोन येतो. नवरीचं नाव मी मांडवात गेल्यावर कमानीवर वाचतो.” त्याला दिवसाचे अडीच हजार मिळतात. त्यात त्याचा काही दोष नाही, काम तो चांगलंच करतो. पण ज्याचे फोटो पाहून आपण बयाणा देतो तो माणूस आणि प्रत्यक्ष येणारा माणूस एकच आहे का, हे विचारायचं आपल्या डोक्यातच येत नाही. थोरल्या ताईच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. म्हणून माझा पहिला प्रश्न होता, “त्या दिवशी स्वतः कोण येणार?” एक लाख चाळीसवाल्यानं “आमची टीम येईल” असं सांगितलं. सत्तर हजारवाल्यानं सांगितलं, “फोटोला मी स्वतः, व्हिडिओला माझा भाऊ. कॅन्डिडला सोलापूरचा एक जण येतो, त्याचं काम दाखवतो.” निम्मा निर्णय तिथंच झाला.

दुसरी गोष्ट. फोटोग्राफर आपल्याला काय दाखवतो? त्याच्या पन्नास लग्नांतले पन्नास उत्तम फोटो. आपण गेट पेपर सोडवणाऱ्याचं एकच बरोबर आलेलं गणित पाहून त्याला शंभरपैकी शंभर देऊ का? मी म्हणालो, एकच लग्न दाखवा, पण सगळं. सकाळच्या देवकापासून पाठवणीपर्यंतचे झाडून सगळे फोटो. आणि ते लग्न मे महिन्यातलं, दुपारच्या मुहूर्ताचं, कापडी मांडवातलं पाहिजे. संध्याकाळच्या लॉनवरचं, झुंबराखालचं नको.

हे का, ते जरा खोलात सांगतो, कारण इथं आपला अभ्यास कामाला येतो.

आपल्याकडे लग्न लागतं दुपारी बारा पस्तीसला. ऊन डोक्यावर. त्या वेळी उघड्यावर काढलेल्या फोटोत कपाळ आणि नाक पांढरं फटक आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. मांडवात आलात तर दुसरी गंमत. मांडवाचं छत लाल, गुलाबी नाहीतर पिवळं. उन्हाचा उजेड त्या कापडातून गाळून खाली येतो आणि सगळ्या वऱ्हाडाला त्या रंगाची कावीळ होते. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण मेंदू आपोआप दुरुस्ती करतो. कॅमेऱ्यात ती दुरुस्ती म्हणजे व्हाइट बॅलन्स. पण छत गुलाबी, बाजूनं येणारा उजेड उन्हाचा पांढरा, आणि स्टेजवरचे दिवे आणखी वेगळे. एकाच चेहऱ्यावर तीन रंग! कोणतंही एक सेटिंग तिन्ही दुरुस्त करू शकत नाही. हळदीच्या दिवशी पिवळ्या कापडाखाली पिवळी साडी आणि पिवळं तोंड, मग तर विचारूच नका.

यावरचा उपाय मला त्या सत्तर हजारवाल्या दादानंच सांगितला आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. मांडववाल्याला सांगायचं, स्टेजच्या आणि पहिल्या चार रांगांच्या वर पांढरं कापड लाव. कडा पाहिजे तेवढ्या रंगीत कर. पांढऱ्या कापडातून ऊन पसरून, मऊ होऊन खाली येतं. स्टुडिओत ज्यासाठी हजारो रुपयांचा सॉफ्टबॉक्स लावतात ते काम चाळीस फुटांचं कापड फुकट करतं. मांडववाला नाराज झाला. “पांढरं अशुभ दिसतंय,” म्हणाला. आत्यानंही नाक मुरडलं. शेवटी कडेला झेंडूच्या माळा सोडल्या तेव्हा तह झाला.

दिव्यांचंही असंच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर फार वेगात ठेवलं तर एक फोटो उजळ आणि पुढचा अंधारा येतो, किंवा फोटोत आडवे पट्टे पडतात. शटर १/१०० नाहीतर १/५० ठेवलं की बहुधा सुटतं. ज्या फोटोग्राफरला मी हे विचारल्यावर तो खूश होऊन बोलायला लागला, तो मला पसंत पडला. पस्तीस हजारवाला म्हणाला, “ते ऑटोमध्ये येतंय की.” दादाहो, ऑटोमध्ये येत असतं तर आपण मोबाइलवरच काढलं असतं!

मोबाइलवरून आठवलं. ‘माझ्या मित्राकडे कॅमेरा आहे, तो काढेल’ ही सूचना प्रत्येक घरात एक जण करतोच. कृपा करून करू नका. मित्र पाहुणा म्हणून येतो. पंगत बसली की तो पंगतीला बसणार, डीजे लागला की नाचणार, आणि ते त्यानं केलंच पाहिजे. फोटो चुकले तर त्याला बोलताही येत नाही. मैत्री जाते ती वेगळीच.

प्री-वेडिंगबद्दल माझं मत विचाराल तर ते आमच्या ताईच्या मतापेक्षा वेगळं होतं. तिला नळदुर्गला शूटिंग पाहिजे होतं. किल्ला, पाणीमहाल, नर-मादी धबधबा. कल्पना छानच, पण ते धबधबे पडतात पावसाळ्यात. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथं काळा दगड आणि तापलेली पायरी. शिवाय किल्ल्यात व्यावसायिक शूटिंग करायचं तर परवानगीचं आधी विचारावं लागतं. मी तिला प्री-वेडिंगच्या बारा हजारांचा आकडा दाखवला आणि बाजूला आजोबांची ती आधारवाली फ्रेम दाखवली. थोडं ब्लॅकमेलच झालं म्हणा! ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, “राहू दे. तेवढ्यात हळदीला दोन कॅमेरे कर.”

ड्रोन मी कापला तो सरळ. आमचं लग्न घरापुढच्या वावरात. वरून काय दिसणार? पांढरं छत आणि पार्किंगमधल्या गाड्या. शिवाय ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं. ते विचारल्यावर बरेच जण स्वतःच विषय बदलतात.

तर सत्तर हजारांतून प्री-वेडिंगचे बारा आणि ड्रोनचे सहा गेले. राहिले बावन्न. हळदीला दुसरा कॅमेरा तीन हजार आणि अल्बमची एक छोटी प्रत चार हजार. झाले एकोणसाठ. पंधरा क्विंटलच्या आत! आण्णांनी फोनवर दोनदा बेरीज करायला लावली.

आता मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगी ठरलेली गोष्ट पैशांची नव्हतीच. ती होती वहीतलं एक पान. जुन्या काळी फोटोग्राफर रोल घालून यायचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि प्रत्येक फोटोला धुण्याचे-छापण्याचे पैसे. त्यामुळे तो काटकसर करायचा. सगळ्या भावकीला ओळीनं उभं करून एक फोटो, मामाकडच्यांचा एक, आजी-आजोबांचा एक. त्या टंचाईमुळे कोणाचा फोटो काढायचा हे आधी ठरवावं लागायचं. आता दिवसाला दोन-तीन हजार फोटो निघतात आणि कुणी ठरवत नाही. मशीनगन चालवावी तसा कॅमेरा चालतो आणि माणूस सुटतो. आणखी मागं गेलं तर आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात राजा दीनदयाळ हा देशभर नाव असलेला फोटोग्राफर होऊन गेला, निजामानं त्याला पदवी दिली. पण त्याच्या कॅमेऱ्यापुढं राजे, सरदार आणि साहेब बसले. आमच्या पणजोबांपर्यंत तो कॅमेरा कशाला येतोय!

म्हणून मी आईला आणि आत्याला बसवून यादी केली. कोणाकोणाचा फोटो आलाच पाहिजे? बावीस नावं निघाली. आजी. आजीची बहीण, ती उमरग्याहून येणार होती आणि तिला गुडघ्यामुळे स्टेजवर चढता येत नाही. चुलत आजोबा, ज्यांना ऐकू येत नाही म्हणून ते कायम कोपऱ्यात बसतात. आमच्याकडे तीस वर्षं सालानं राहिलेले तात्या, जे कुणी बोलावल्याशिवाय फोटोत येत नाहीत. लक्षात घ्या, यातलं एकही माणूस स्वतःहून स्टेजवर रांगेत उभं राहणार नव्हतं. स्टेजवर जो येतो त्याचा फोटो निघतो. ज्याला येता येत नाही तो सुटतो, आणि बहुतेक वेळा तोच आधी जाणार असतो.

नुसती यादी फोटोग्राफरला देऊन उपयोग नाही. त्याला कोण कुठला माहीत? माझा चुलतभाऊ दिवसभर त्याच्यासोबत ठेवला. त्याचं काम एकच, नाव वाचायचं, माणूस दाखवायचा, फोटो निघाला की टिक करायची. त्याला त्या दिवशी वाढपातून सुट्टी दिली म्हणून काका थोडे रागावले. सकाळी नऊ ते अकरा, ऊन कोवळं असताना आणि सत्काराची गर्दी यायच्या आधी, बावीसपैकी सतरा टिका पडल्या होत्या.

कागदाबद्दल थोडं. आपल्याकडे फोटोग्राफरचा व्यवहार तोंडी चालतो. “आपलाच माणूस आहे.” आपलाच असेल तर लिहायला काय हरकत आहे? आम्ही साध्या पानावर लिहिलं. तारखा आणि वेळा, प्रत्यक्ष कोण येणार त्यांची नावं, किती कॅमेरे, अल्बमची पानं आणि साइज, निवडलेले फोटो किती दिवसांत, अल्बम किती दिवसांत, मूळ फाइल्स मिळणार की नाही, आणि तो आजारी पडला तर बदली कोण. पैसे तीन हप्त्यांत दिले. बयाणा म्हणून वीस हजार, लग्नाच्या दिवशी एकोणतीस, आणि अल्बम हातात आल्यावर दहा. शेवटचे दहा हजार राखून ठेवणं ही अविश्वासाची गोष्ट नाही. आपणही ॲडमिशनला डिपॉझिट भरतोच की!

बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक गोष्ट. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणजे आपल्या ताईचा फोटो दुकानाच्या बोर्डावर नाहीतर इन्स्टाग्रामवर लावायचा तर आपल्याला विचारलं पाहिजे. मात्र छापील पावतीच्या मागं बारीक अक्षरांत उलटं लिहिलेलं असू शकतं, तेव्हा सही करण्याआधी ती वाचा. आणि पैसे घेऊन काम केलंच नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. थोरल्या ताईच्या वेळी हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा मुदत संपलेली होती.

फाइल्सचं गणित तुम्ही स्वतः करून पाहा. दोन कॅमेऱ्यांचे मिळून तीन हजार फोटो, प्रत्येक मूळ फाइल अंदाजे २८ एमबी धरली तर ८४ जीबी. व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटनं काढला तर तासाला ४५ जीबी, सहा तासांचा २७० जीबी. दोन्ही मिळून साडेतीनशेच्या वर. आपल्याला शेवटी मिळतो तो ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह, लाल मखमली डबीत! त्यात बसतं ते फक्त निवडलेलं आणि दाबून बारीक केलेलं. मूळ सगळं फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरवर राहतं, आणि पुढच्या सीझनला जागा लागली की तो ते पुसतो. त्याचंही बरोबर आहे, तो किती लग्नं सांभाळणार? म्हणून एक टीबीची हार्ड डिस्क आपणच नेऊन द्यायची. आम्हाला पाच हजार रुपये लागले. हे पाच हजार पंधरा क्विंटलमध्ये बसत नव्हते. थोरल्या ताईला कळलं तेव्हा तिनं काही न बोलता दुसऱ्या दिवशी पाठवून दिले.

आणि कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे का हेही विचारा. दोन्ही कार्डांवर एकदम लिहिलं जात असेल तर एक खराब झालं तरी दुसरं असतं. कार्ड खराब होणं रोजचं नाही, पण लग्न पुन्हा लावता येत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी काय झालं? पाऊस! त्या मे महिन्यात अवकाळीनं सगळ्या महाराष्ट्राला झोडपलं ते आठवत असेल. हळदीच्या संध्याकाळी वारा सुटला, मांडवाची एक बाजू उडाली, लाइट गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. पांढरं कापड चिखलात. मांडववाला माझ्याकडे ‘सांगितलं होतं’ अशा नजरेनं पाहत होता. हळद पडवीत लागली, दोन मोबाइलच्या टॉर्चवर. दुसरा कॅमेरा केला होता तो तिथं कामी आला, कारण पहिला भिजू नये म्हणून गुंडाळून ठेवावा लागला. त्या पडवीतले फोटो दाणेदार आहेत, थोडे हललेलेही आहेत. ताईला अख्ख्या अल्बममध्ये तेच जास्त आवडतात. आता यात माझं नियोजन किती आणि योगायोग किती, ते सांगता येत नाही.

रात्रीतून कापड धुतलं आणि सकाळी ओलंच बांधलं. साडेनऊला चुलतभावानं आजीला त्याच्याखाली खुर्चीवर बसवलं. ती आधी “मला कशाला, पोरीचा काढा” म्हणून उठायलाच निघाली. मग यादी दाखवली तर म्हणाली, “माझं नाव बी लिवलंय व्हय?” आणि बसली. डोक्यावरचा पदर तीनदा सारखा केला.

अल्बम ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा, दिवाळीत आला. बावीसपैकी वीस जण आलेत. सालकरी तात्या सगळ्यांना चुकवून शेवटपर्यंत चुलीपाशीच राहिले, आणि एका मावशींचे डोळे पाचही फोटोंत मिटलेले आहेत. सत्काराला दोन पानं दिली, तेवढी देणं भागच होतं. राखून ठेवलेले दहा हजार दिले तेव्हा फोटोग्राफर दादा म्हणाला, अशी यादी आता तो स्वतःच प्रत्येकाकडे मागतो.

त्या सप्टेंबरमध्ये भूम-परंड्याकडे घरांत पाणी शिरलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं. आमच्या वर्गातल्या दोघांच्या घरचं सगळं भिजलं. त्यानंतर आण्णांनी स्वतःच विचारलं, ती डिस्क एकाच घरात कशाला ठेवायची? आता डिस्क उमरग्याला मामाकडे असते, अल्बमची छोटी प्रत थोरल्या ताईकडे आणि मोठा अल्बम आमच्याकडे. आजीचा पांढऱ्या कापडाखालचा फोटो मी आठ बाय बारा साइजमध्ये काढून आणलाय. फ्रेम मात्र करू दिली नाही तिनं. जित्या माणसाचा फोटो भिंतीला लावत नसतात म्हणाली, आणि तो पिशवीत गुंडाळून आपल्या लुगड्यांच्या खाली कपाटात ठेवला. कुणी पाहुणा आला की काढून दाखवते.